प्रॅट ऊर्फ कार्लॉफ

निवृत्त माणसाची झोप मोठी लहरी. रात्री येत नाही आणि दुपारी आवरत नाही. बँकेत पस्तीस वर्षं काढलेल्या माझ्यासारख्याला तर रात्री दोनला जाग आली की कुठला तरी ताळा जुळायचा राहिलाय असंच वाटतं. मग घरच्यांची झोपमोड नको म्हणून कानाला इअरफोन लावायचा आणि मुलाने दिलेल्या संगणकावर जुन्या इंग्रजी रहस्यमालिका बघत बसायचं. आयुष्यभर गूढकथा लिहिल्या, तेव्हा याला अभ्यास म्हणायला हरकत नाही. पत्नी तसं म्हणत नाही, ती गोष्ट वेगळी.

त्यातली एक मालिका ‘थ्रिलर’. १९७३ ते १९७६ या काळात ब्रिटिश दूरचित्रवाणीवर तिच्या ४३ कथा झाल्या. दर वेळी गोष्ट नवी, माणसं नवी. दहा-बारा भाग बघून झाल्यावर माझ्या हिशेबी डोक्याला एक गंमत दिसली. इंग्लंडातलं खेडं, ओलं गवत, जुना वाडा, दाराशी अदबशीर नोकर. आणि त्या वाड्यात नुकतीच उतरलेली एक अमेरिकन बाई. कधी डोना मिल्स, कधी बार्बरा फेल्डन, कधी लिंडा डे जॉर्ज. ही अमेरिकन मंडळी दर पंधरवड्याला इंग्लंडच्या आडगावी मरायला का जातात?

उत्तर कथेत नव्हतं, खातेवहीत होतं. ही मालिका ब्रिटनमध्ये तयार होई, पण तिचा खर्च भरून निघण्यासाठी ती अमेरिकेत विकली जाणं भाग होतं. आणि अमेरिकन गिऱ्हाइकाला आपल्याकडचा एक तरी ओळखीचा चेहरा हवा असे. म्हणून विमानाचं तिकीट काढून एक नट किंवा नटी आणायची, बाकीचा सगळा संच घरचा. मालिकेचा जनक ब्रायन क्लेमेन्स हा मात्र पक्का लेखक. बहुतेक कथा त्याच्याच. त्याने या सक्तीतूनच कथानकं काढली. परक्या देशातली एकटी बाई. तिच्या शब्दाला साक्षीदार नाही, समोरचा पोलीस खरा की खोटा हे तिला कळत नाही, आणि ती ओरडून सांगते त्यावर गावात कुणाचा विश्वास बसत नाही. आपल्याकडच्या भयकथांत कोकणातल्या वाड्यात नवी सून येते, तिचीच ही सातासमुद्रापलीकडची बहीण. मी स्वतः अशा चार सुना तरी वाड्यात धाडल्या असतील.

क्लेमेन्सच्या आधीही हे चालत होतंच. १९६८ साली हॅमर या भयपटांच्या कंपनीने ‘जर्नी टु द अननोन’ नावाच्या १७ कथा काढल्या. त्यांची सूत्रं होती हिचकॉकच्या तालमीत तयार झालेल्या जोन हॅरिसनबाईंकडे, आणि त्यांत व्हेरा माइल्स, जोसेफ कॉटन, पॅटी ड्यूक अशी अमेरिकन पाहुणेमंडळी होती. तेवढं तिकीट परवडेना तेव्हा लंडनमध्येच स्थायिक झालेले कॅनडाचे नट अमेरिकन म्हणून उभे राहत. आणि चिनी, अरब, हिंदुस्थानी माणूस हवा असला तर? बर्ट क्वोक नावाचा एक गुणी नट होता, वाढला शांघायमध्ये पण जन्मला इंग्लंडातल्या वॉरिंग्टनला. पूर्वेकडच्या यच्चयावत देशांचे नागरिक त्याने एकट्याने उभे केले. तो नसला तर एखादा गोरा नट तोंडाला रंग फासून बसे.

या सगळ्या उलाढालीच्या मुळाशी जाताना मला एक माणूस भेटला. तो १९५० नंतरच्या सुरुवातीच्या काळात लंडनला आला तो अमेरिकेचा नामांकित नट म्हणून. त्याचं नाव रशियन वाटे. चेहरा कुठल्याच देशाचा वाटत नसे. आणि जन्म? लंडनमधल्याच कॅम्बरवेल भागातला. बोरिस कार्लॉफ.

नाव वाचून कपाळाला आठ्या पडल्या असतील तर आठवण करून देतो. १९३१ सालच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ चित्रपटातला तो चौकोनी डोक्याचा, मानेतून खिळे बाहेर आलेला राक्षस, तो हाच. तोच चेहरा आज मुलांच्या वह्यांवर नि मुखवट्यांवर दिसतो.

बँकेत माझी पहिली काही वर्षं सह्या पडताळण्यात गेली. खातेदाराची एक सही कार्डावर असते, दुसरी चेकवर. दोन्ही नीट जुळल्या तर पैसे. ज्याची दोन नावं त्याची मोठी अडचण. खेड्यातला एखादा तात्याबा कागदावर दत्तात्रय असायचा आणि मग ‘ऊर्फ’ लावून प्रतिज्ञापत्र आणा म्हणून आम्ही त्याला पिटाळायचो. कार्लॉफविषयी वाचताना त्यामुळे मी एका तपशिलापाशी अडलो. या माणसाने कायद्याने नाव कधीच बदललं नाही. जगभर बोरिस कार्लॉफ झाल्यावरही कायदेशीर कागदांवर तो विल्यम एच. प्रॅट ऊर्फ बोरिस कार्लॉफ अशी सही करत राहिला. जन्मभर ‘ऊर्फ’.

विल्यम हेन्री प्रॅटचा जन्म २३ नोव्हेंबर १८८७चा. नऊ भावंडांत तो शेंडेफळ. आईवडिलांचं छत्र लवकर गेलं आणि थोरल्या भावंडांनी, विशेषतः सावत्र बहिणीने, त्याला वाढवलं. वडील एडवर्ड प्रॅट हिंदुस्थानात मिठाच्या खात्यात नोकरीला होते. मोठे भाऊही सरकारी सेवेत परदेशी जाणारे. त्यातला जॉन चीनमध्ये वकिलातीच्या नोकरीत चढत चढत पुढे सर जॉन प्रॅट झाला. धाकट्यानेही तेच करावं असं घरात ठरलेलं होतं. त्यासाठी त्याला चांगल्या शाळांत घातलं, लंडनच्या किंग्ज कॉलेजात पाठवलं. पण नवव्या वर्षी एन्फिल्डमधल्या एका बालनाट्यात तो राक्षसांचा राजा झाला होता, आणि ते भूत मानेवरून उतरलं नाही. एक भाऊ, जॉर्ज, काही काळ रंगभूमीवर होता. तोही कंटाळून सोडून गेला होता, म्हणजे घरात नाटकाचं नाव काढण्याची सोय नव्हती.

आता आईकडे येतो, कारण खरी गोष्ट तिथे आहे आणि ती आपल्या फार जवळची आहे.

आईचं माहेरचं नाव एलायझा सारा मिलार्ड. तिची आई, म्हणजे कार्लॉफची आजी, एलायझा ज्यूलिया एडवर्ड्स. या आजीची सख्खी धाकटी बहीण म्हणजे ॲना लिओनोवेन्स. सयामच्या राजाच्या मुलांना शिकवायला १८६२ साली बँकॉकला गेलेली, पुढे पुस्तकं लिहून गाजलेली आणि ‘द किंग अँड आय’ या संगीतिकेमुळे अमर झालेली बाई. ॲनाने स्वतःविषयी जगाला असं सांगितलं होतं, की आपण वेल्समध्ये १८३४ साली जन्मलो आणि आपले वडील सैन्यात कॅप्टन होते. प्रत्यक्षात ती १८३१ साली अहमदनगरला जन्मली. आपल्या नगरला! वडील थॉमस एडवर्ड्स हे सैन्यातले सार्जंट, तिच्या जन्माआधीच वारलेले. आणि आई मिश्र वंशाची, याच मातीत वाढलेली. ॲनाचं लग्नही १८४९ साली पुण्याच्या चर्चमध्ये झालं, एका कारकुनाशी, आणि त्या थॉमस लिऑन ओवेन्सच्या नावाचे दोन तुकडे जोडून पुढे लिओनोवेन्स तयार झालं.

म्हणजे बोरिस कार्लॉफच्या आजीचं कुटुंब हे मुंबई इलाख्याच्या छावण्यांमधलं. मी नगरच्या शाखेत तीन वर्षं होतो. भिंगारच्या छावणीवरून सायकलने कितीदा गेलो असेन. किल्ल्यात १९४२ला नेहरूंना ठेवलं होतं हे पाहुण्यांना कौतुकाने दाखवायचो. फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसाचं आजोळ याच रस्त्याला लागतं हे ठाऊक असतं तर निदान एक गूढकथा तरी पदरात पडली असती. आता त्या शहराचंही नाव बदलून अहिल्यानगर झालं आहे.

ॲनाने बहिणीच्या कुटुंबाशी संबंध तोडून टाकले. नवी जन्मकथा टिकवायची तर जुनी नाती परवडत नाहीत. त्या काळात रक्तात हिंदुस्थानी थेंब आहे हे कळलं तर चांगल्या घरातली शिक्षिकेची नोकरी गेलीच म्हणून समजा. तिला दोन लहान मुलं होती, नवरा मेला होता. मी तिला खोटारडी म्हणायला धजत नाही. तिच्या थापा उघड्या पडायला पुढे १९७६ साल उजाडलं, आणि त्या उघड्या पाडल्या कुणी? तर डब्ल्यू. एस. ब्रिस्टो नावाच्या, भिंतींवरच्या कोळ्यांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञाने! ॲनाच्या मुलाचं चरित्र लिहिताना त्याला वेल्समध्ये तिच्या जन्माचा मागमूस सापडेना. मग त्याने धागा उलटा ओढला, आणि पुढच्या संशोधकांनी नगरपर्यंतचे कागद जुळवले.

तर १९०९ साली विल्यम प्रॅटने शिक्षण अर्ध्यावर टाकून कॅनडाची बोट धरली. योगायोग बघा, आजीची ही बहीण तेव्हा कॅनडातच, माँट्रियलला राहत होती. १९१५मध्ये ती वारली. हा पोरगा मात्र त्याच देशात शेतावर राबत होता, खड्डे खणत होता. १९११ साली पश्चिमेकडच्या एका फिरत्या नाटक कंपनीने त्याला घेतलं, आणि त्या सुमारास विल्यम प्रॅट गुंडाळून त्याने बोरिस कार्लॉफ हे नाव धारण केलं. कार्लॉफ हे आईकडचं जुनं आडनाव असल्याचं तो सांगे. त्याच्या मुलीला मात्र घराण्यात तसं कुणी आढळलं नाही. आजीच्या बहिणीने वेल्स निवडलं, याने रशिया.

नाव बदलायचं कारण मला कळू शकतं. माझी पहिली गूढकथा मी एका दिवाळी अंकाला टोपणनावाने पाठवली होती. साहेबांना कळलं तर परवानगीचे कागद मागतील ही एक भीती, आणि वडिलांना कळलं तर काय, ही त्याहून मोठी. वडिलांना कळलंच. त्यांनी अंक वाचला, मिटला आणि दूधवाल्याचा हिशेब काढला. त्या संध्याकाळी ते रागावले असते तर बरं झालं असतं.

कार्लॉफची फिरती नाटकं फार हालाची होती. १९१२च्या जूनमध्ये तो रिजायना गावी असताना तिथे भयंकर चक्रीवादळ झालं, तेव्हा नट मंडळींनी पडझड उपसायला हात लावला. पुढे उत्तर डकोटातल्या मायनॉट गावी एका हार्डवेअरच्या दुकानावरच्या थिएटरात वर्षभर नाटकं केली. गाव एवढंसं, तेव्हा प्रेक्षक तेच आणि नाटक सारखं नवं. पाठांतराची सवय तिथलीच.

हॉलिवुडला पोचला तोवर तिशी आली होती. आणि आता त्याच्या सावळ्या वर्णाचं आणि खोल डोळ्यांचं मोल सुरू झालं. मूकपटांच्या काळातल्या त्याच्या भूमिकांची यादी मी एका रात्री वहीत उतरवून काढली. १९२०ला ‘द लास्ट ऑफ द मोहिकन्स’मध्ये रेड इंडियन. १९२१ला किपलिंगच्या कथेवरल्या चित्रपटात अहमद खान. १९२२ला एका चित्रपटात नबाब आणि दुसऱ्यात चक्क महाराजा जेहान धारवार! धारवाडचं हे हॉलिवुडी रूप बघून मी रात्री एकटाच हसलो. मग हसू ओसरलं. ज्या रक्ताचा ॲनाने जन्मभर थांगपत्ता लागू दिला नाही, त्याच रक्ताच्या रंगावर हा नातू रोजगार मिळवत होता. दिग्दर्शकांना त्यातलं काही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. त्यांना दिसत होता तो फक्त परका वाटणारा चेहरा.

रोजगार तरी कसला! दोन भूमिकांच्या मधे तो ट्रक चालवी, जड पिंपं चढवी-उतरवी. चाळिशी उलटली तरी नाव कुणाला माहीत नाही. १९३१च्या ‘द क्रिमिनल कोड’मध्ये कैद्याच्या भूमिकेत लोकांनी त्याला प्रथम नीट पाहिलं, आणि त्याच वर्षी युनिव्हर्सल स्टुडिओच्या खानावळीत जेवत असताना दिग्दर्शक जेम्स व्हेलची नजर त्याच्या डोक्याच्या ठेवणीवर गेली.

‘फ्रँकेन्स्टाइन’ची कथा सांगत बसत नाही. पण तो चेहरा कसा झाला हे सांगण्यासारखं आहे. रंगभूषाकार जॅक पियर्स रोज चार-चार तास त्याच्यावर काम करी. कार्लॉफच्या तोंडात एका बाजूला कवळीचा तुकडा होता, तो त्याने काढून ठेवला. गाल आत गेला आणि मढ्याची कळा आली. पायांत दगडासारखे बूट, अंगावर उन्हाळ्यात गरम कपड्यांचे थर. एकदा सलग पंचवीस तास चित्रीकरण चाललं. नायकाला खांद्यावर टाकून टेकडी चढायचा प्रसंग पुन्हा पुन्हा घेतल्यामुळे पाठीचं जे दुखणं लागलं ते कायमचं. आणि एवढं करून चित्रपटाच्या सुरुवातीच्या नामावलीत राक्षसाच्या नावापुढे काय होतं? प्रश्नचिन्ह. नाव आलं ते शेवटच्या पाटीवर. चित्रपटाच्या पहिल्या खेळाचं त्याला आमंत्रणही नव्हतं.

तो राक्षस मी अनेकदा पाहिला आहे आणि दर वेळी मला त्याचे हात दिसतात. उजेडाची तिरीप पहिल्यांदा अंगावर पडते तेव्हा तो ती धरायला हात वर करतो. बोलता येत नाही, आपण कुठून आलो ते ठाऊक नाही, आणि जो तो बघून किंचाळतो. चव्वेचाळिसाव्या वर्षापर्यंत सगळीकडे उपराच ठरलेल्या नटाने तो केला, म्हणून तो भयंकर असूनही पोरका वाटतो, असं माझं आपलं मत.

पुढच्याच वर्षी ‘द मास्क ऑफ फू मान्चू’मध्ये त्याला दुष्ट चिनी केलं. तो चित्रपट आज बघवत नाही. पिवळ्या माणसांबद्दलचा द्वेष त्यात उघडाउघडा आहे, आणि कार्लॉफ तो आनंदाने करताना दिसतो याचं मला वाईट वाटतं. कामाची निवड करण्याइतका तो अजून स्थिरावला नव्हता हे खरं, तरीही.

त्या पंचवीस तासांचा दिवस मात्र तो विसरला नाही. १९३३ साली हॉलिवुडच्या नटांनी आपली संघटना उभी केली, तेव्हा सुरुवातीलाच उडी घेणाऱ्यांत तो होता. सभासद क्रमांक नऊ. संघटनेत नाव घालणं म्हणजे स्टुडिओवाल्यांची गैरमर्जी ओढवून घेणं, आणि हा तर दोन वर्षांपूर्वीपर्यंत ट्रक चालवणारा. बँकेच्या संघटनेत मी होतो, पण माझा क्रमांक बराच खालचा होता. वारा कुठे वाहतो ते बघून मग अर्ज भरला होता.

त्याच १९३३मध्ये ‘द घूल’ या चित्रपटासाठी तो चोवीस वर्षांनी इंग्लंडला आला. भावांना भेटायची त्याला धास्ती होती. एकेक जण सरकारी सेवेत मानाने राहिलेला, आणि धाकटा भाऊ मढी आणि राक्षस करून पोट भरतो! छायाचित्रकार आले. आता हे काय म्हणतील या विचाराने कार्लॉफ संकोचून उभा, तर हे पांढऱ्या केसांचे भाऊ त्याच्या शेजारच्या जागेसाठी आपसात ढकलाढकली करायला लागले.

अमेरिकेत तो पुढे पंचवीसेक वर्षं राहिला, पण अमेरिकन झाला नाही. पासपोर्ट ब्रिटिशच. हॉलिवुडमध्ये इंग्रज नटांचा क्रिकेट क्लब होता, कसोटी खेळलेला ऑब्रे स्मिथ त्याचा म्होरक्या. तिथे तो रमे. १९४१ साली ब्रॉडवेवर ‘आर्सेनिक अँड ओल्ड लेस’ आलं. त्यातला खुनी, त्याचा चेहरा बोरिस कार्लॉफसारखा दिसतो असं कुणी म्हटलं की पिसाळतो, आणि ती भूमिका खुद्द कार्लॉफने केली! १९५०ला तो ‘पीटर पॅन’मध्ये कॅप्टन हुक होता आणि मुलं त्याच्यावर खूष होती. ते नाटक उतरलं आणि दोनेक महिन्यांत त्याच ब्रॉडवेवर ‘द किंग अँड आय’चा पडदा वर गेला. नगरच्या छावणीतल्या दोन बहिणी. एकीचा नातू आणि दुसरीची कहाणी एकाच रस्त्यावर गाजत होती.

आता पुन्हा दूरचित्रवाणीकडे येतो. हॅना वाइनस्टीन नावाची एक अमेरिकन बाई, डाव्या विचारांची, अमेरिकेतल्या कम्युनिस्टविरोधी धरपकडीच्या दिवसांत देश सोडून लंडनला आली होती. तिने ‘कर्नल मार्च ऑफ स्कॉटलंड यार्ड’ ही २६ भागांची रहस्यमालिका इंग्लंडात तयार केली आणि नायक म्हणून कार्लॉफला आणलं. डोळ्यावर काळी पट्टी, ओठांवर मिस्कील हसू. पोलिसांच्या विचित्र तक्रारींच्या खात्याचा हा प्रमुख. हिममानवापासून बंद खोलीतल्या खुनापर्यंत इतर कुणी हात लावणार नाही ती प्रकरणं त्याच्याकडे. असं एक टेबल प्रत्येक शाखेत असतं आणि तिथे बहुधा मीच बसलेला असे.

पडद्यामागची मंडळी तर आणखी बघण्यासारखी. अब्राहम पोलोन्स्की आणि वॉल्टर बर्नस्टीन या काळ्या यादीतल्या अमेरिकन लेखकांनी तिच्या कथा लिहिल्या. स्वतःचं नाव घालायची सोय नव्हती, त्यामुळे दुसऱ्याच्या नावाआडून. सुरुवातीचे भाग दिग्दर्शित करणारा साय एन्डफिल्डही काळ्या यादीतलाच निर्वासित. खऱ्या नावाने लिहायची चोरी असलेले लेखक आणि खोट्या नावाने जगणारा नट, असा तो संच जमला होता.

व्यवहार असा, की मालिका आधी अमेरिकेत विकायची. ब्रिटनमध्ये १९५५पर्यंत बीबीसी सोडून दुसरी वाहिनी नव्हती. त्या सप्टेंबरात जाहिरातींवर चालणारी आयटीव्ही सुरू झाली आणि तिला माल हवा होता. पण परदेशी मालावर १४ टक्क्यांची मर्यादा. मग इंग्लंडात बनलेली, अमेरिकेत खपणारी मालिका म्हणजे दोन्ही दारांतून चालणारं नाणं. आणि त्या नाण्यावरचा छाप कार्लॉफ! अमेरिकनांना तो अस्सल इंग्रज वाटे, इंग्रजांना हॉलिवुडचा नट. पुढे सत्तरच्या दशकापर्यंत ब्रिटिश रहस्यमालिकांनी जो धंदा केला त्याचा नमुना इथे सापडतो.

१९५९ला तो लंडनला कायमचा परतला. एका बाजूला अमेरिकेच्या ‘थ्रिलर’ या वेगळ्याच कथामालेचा तो सूत्रधार होता. १९६० ते १९६२ दरम्यान ६७ भाग झाले. ती संपली त्याच १९६२च्या उन्हाळ्यात ब्रिटिश वाहिनीने ‘आउट ऑफ धिस वर्ल्ड’ ही विज्ञानकथांची माला काढली आणि निवेदक म्हणून त्यालाच बोलावलं. त्या तेरा नाटकांपैकी आज एकच शिल्लक आहे, बाकीच्या फिती पुसल्या गेल्या. वाचलेली कथा आयझॅक असिमॉव्हची. म्हणजे रशियात जन्मलेल्या अमेरिकन लेखकाची गोष्ट, रशियन नावाच्या इंग्रजाने सादर केलेली.

म्हातारपणी त्याने काम सोडलं नाही. १९६६ला एका अमेरिकन मालिकेत, एकोणऐंशीच्या घरात असताना, त्याला पुन्हा एकदा हिंदुस्थानी राजा केलं; या वेळी नाव मिस्टर सिंग. धारवारपासून सिंगपर्यंत चव्वेचाळीस वर्षं. संधिवाताने पाय गेले होते, एकाच फुफ्फुसाचा अर्धा भाग चालत होता. १९६८ला पीटर बोग्दानोविच या नव्या दिग्दर्शकाने ‘टार्गेट्स’मध्ये त्याला निवृत्तीला आलेल्या भयपट-नटाची भूमिका दिली, आणि तरुणपणी मिळायला हवं होतं तसं काम त्याने ऐंशीव्या वर्षी करून दाखवलं. हॅमरवाले अमेरिकन पाहुण्यांना घेऊन ‘जर्नी टु द अननोन’ काढत होते त्याच वर्षी हा इंग्लंडच्या थंडीत दुसऱ्याच एका भयपटासाठी चाकाच्या खुर्चीतून काम करत होता. त्याच वर्षी मेक्सिकोच्या एका निर्मात्याचे चार चित्रपट त्याने घेतले. मेक्सिको सिटीची उंची त्याच्या छातीला झेपणार नव्हती, म्हणून त्याचे प्रसंग लॉस एंजेलिसला उरकले आणि बाकीचे तिकडे. दोन प्रसंगांच्या मधे प्राणवायूची नळी.

२ फेब्रुवारी १९६९ला ससेक्समधल्या मिडहर्स्टच्या रुग्णालयात तो गेला. वय ८१. लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमधल्या नटांच्या चर्चमध्ये त्याच्या नावाची पाटी आहे, तिच्यावर कार्लॉफच लिहिलंय. ते चार मेक्सिकन चित्रपट त्यानंतर एकेक करून प्रदर्शित होत राहिले. त्यातला एक मी परवा रात्री लावला. चित्रपट टाकाऊ आहे. एका खोलीत हा म्हातारा टेबलाशी बसून बोलतो आणि पुढच्या प्रसंगात दुसऱ्याच देशातली माणसं त्याला उत्तर देतात. मी शेवटपर्यंत बघितला, तेव्हा बाहेर दुधाची गाडी आली होती.